‘कियातिसुक’मधला ‘सुक’ म्हणजे सुख नव्हे

प्रश्न : थायलंडचा फुटबॉलपटू कियातिसुक सेनामुआंग याला ‘माजी आघाडीपटू’ म्हणावे की ‘निवृत्त’? आणि त्याच्या नावातला ‘सुक’ म्हणजे आपले ‘सुख’च ना?

‘माजी’ पदाला लागते, ‘निवृत्त’ कामाला : माजी कर्णधार, निवृत्त खेळाडू. इथे ‘खेळाडू म्हणून निवृत्त’ असे पूर्ण लिहा, कारण पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने थायलंडला २०१४ आणि २०१६ चे आग्नेय आशियाई विजेतेपद मिळवून दिले. एवढे पुरे.

‘सुक’चे मात्र ठणकावून सांगायला हवे, कारण ‘कीर्तिसुख’ ही फोड आता सर्रास ऐकू येते. ती साफ चूक आहे. रोमन लिपीतला हा ‘यू’ इंग्रजी ‘कप’मधला आहे, त्याचा उच्चार अ. ‘सोमसक’, ‘सुरसक’ या थाई नावांत हाच शब्द रोमनमध्ये ‘ए’ने लिहितात. थाईत ‘सुख’ आहेच, पण ते वेगळ्या स्वरचिन्हाने लिहिले जाते. ‘सुखोथाई’ म्हणजे सुखोदय, त्यातले ते सुख. आपल्या खेळाडूच्या नावात आहे ती शक्ती.

थाई लेखनात इथे श, क आणि इकारयुक्त द अशी अक्षरे येतात. संस्कृत ‘त’चा तिथे ‘द’ झाला आहे. श लिहिला तरी उच्चारात स होतो. शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक बारीक खूण असते. ती आली की अक्षर लिहायचे, पण उच्चारायचे नाही. म्हणून उरतो ‘सक्’. या खुणेचे नाव ‘थन्थखात’, म्हणजे चक्क दंडघात! अक्षराचा आवाज बंद करणाऱ्या खुणेला याहून नेमके नाव मला तरी सुचत नाही. पूर्वपदातली ‘कीर्ती’ एकटी असली की ‘कीअत्’ एवढीच ऐकू येते, र गायब. समासात मात्र तिचा ‘ति’ पुन्हा बोलू लागतो. म्हणून नाव होते कीअत्तिसक.

मग सरळ ‘कीर्तिशक्ती’च लिहा, असा आग्रह धरणारे अभ्यासक आहेत. मला तो मुळीच मान्य नाही. माणसाचे नाव त्याच्या देशात उच्चारतात तसे लिहावे. शिवाय थाईत ‘सक्’चा अर्थ सामर्थ्य राहिलेला नाही, तो मान किंवा दर्जा असा झाला आहे. जुन्या सयाममध्ये प्रत्येकाचा दर्जा शेतजमिनीच्या मापात ठरे. त्या पद्धतीचे नाव ‘सक्दिना’, आणि त्यातला ‘ना’ म्हणजे भातशेत. शक्ती आणि श्री मिळून झालेल्या ‘सक्सी’चा अर्थ स्वाभिमान. तेव्हा या नावाचा मराठी अर्थ सांगायचा तर मानमरातब.

आडनावातली ‘सेना’ आपलीच, ‘मुआंग’ म्हणजे नगर हा अस्सल थाई शब्द. पण खरी गंमत ‘सेनापती’ची. थाईत त्याचा ‘सेनाबोदी’ झाला आणि अर्थ झाला मंत्री. कोशकार याला अर्थांतर म्हणून सोडून देतात. मला हे अर्थांतर वाटतच नाही. अष्टप्रधानांत सेनापती हा एक प्रधानच होता. लढणारा आणि दरबारात बसणारा माणूस एकच असला की शब्द दोन्हीकडे सरकतो. आपल्याकडे तो रणांगणाकडे राहिला, तिकडे दरबारात गेला.

बातमीत आणखी एक चूक दिसते : दुसऱ्या उल्लेखात ‘सेनामुआंगने गोल केला’. थाई माणसाला पहिल्या नावानेच ओळखतात. आडनावे तिथे कायद्याने आली ती १९१३ मध्ये. १९७३ साली उदोन थानीत जन्मलेल्या, देशासाठी १३४ सामन्यांत ७१ गोल करणाऱ्या, १९९९ मध्ये इंग्लंडच्या हडर्सफील्डला जाऊनही पहिल्या संघातून न खेळलेल्या आणि मग व्हिएतनामच्या होआंग आन्ह जिया लाइकडून २००३ व २००४ ची लीग जिंकणाऱ्या या खेळाडूला त्याचे लोक आडनावाने हाक मारत नाहीत. ब्राझीलच्या झिकोवरून त्याला टोपणनाव पडले, पण थाईत ‘झ’चा हा उच्चार नाही, म्हणून ते होते ‘सीको’.

त्याच्यानंतरचा गोलवीर तीरसिल दांगदा, त्याचे नाव धीर आणि शिल्प. तिथे दंडघात ‘प’वर पडतो, आणि शेवटी आलेला ल थाईत न होतो. उच्चार थीरसिन. रोमन लेखन एका नावात उच्चारामागे जाते, दुसऱ्यात अक्षरांमागे. म्हणून थाई नाव मराठीत आणताना आधी थाई अक्षरे पाहावीत.