वाचकांचे प्रश्न : थेंबभर रक्त आणि जांभळ्या झाकणाची नळी

प्रश्न : माझा नातू नऊ दिवसांचा असताना त्याला कावीळ आणि ताप होता, म्हणून टाचेला टोचून रक्त घेतले. दोन तासांनी लॅबमधून निरोप आला की नमुना साकळला आहे, पुन्हा द्यावा लागेल. रक्त साकळू नये म्हणून नळीत औषध असते असे ऐकले होते, मग ते साकळले कसे? आणि एवढ्याशा जिवाचे असे किती वेळा रक्त काढायचे? (एक आजी, सांगली)

उत्तर : औषध नळीत असते हे खरे, पण ते नुसते असून भागत नाही; रक्तात वेळेवर मिसळावे लागते. जांभळ्या झाकणाच्या नळीत, आतल्या भिंतीवर, ईडीटीए नावाच्या क्षाराचा पातळ थर फवारून वाळवलेला असतो. रक्त साकळण्याच्या प्रक्रियेतील अनेक टप्प्यांना कॅल्शियम लागते. ईडीटीए ते कॅल्शियम धरून ठेवते आणि प्रक्रिया तेथेच थांबते. कोपराजवळच्या शिरेतून सुईने घेतलेले रक्त काही क्षणांत नळीत पोहोचते. टाचेचे रक्त मात्र थेंबाथेंबाने, कापलेल्या त्वचेवरून ओघळत येते आणि वाटेत जखमी पेशींतून बाहेर पडलेले, साकळण्याला चालना देणारे द्रव्य त्यात मिसळते. म्हणजे नळीत पडण्याआधीच घड्याळ सुरू झालेले असते.

अशा वेळी तंत्रज्ञाच्या हाताला फार महत्त्व येते. टाच आधी कोमट कापडाने शेकली तर रक्त मोकळे वाहते. टोचायचे ते तळव्याच्या बाजूला, टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला. मधोमध किंवा मागच्या गोलाईवर नाही, कारण तेथे हाड जवळ असते. लॅन्सेटची, म्हणजे टोचायच्या छोट्या पात्याची, खोली 2 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचे, पहिला थेंब कोरड्या गॉजने टिपून टाकायचा, कारण त्यात पेशींमधले पाणी जास्त असते, आणि नंतरचे थेंब नळीच्या कडेला टेकवून आत घ्यायचे. अधूनमधून नळीला बोटाने हलकी टिचकी मारायची आणि झाकण लावल्यावर ती आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करायची. घुसळायची नाही, त्याने तांबड्या पेशी फुटतात. घाईत टाच लिंबासारखी पिळली, तरी पेशी फुटतात, पेशींमधले पाणी मिसळून रक्त पातळ होते आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. बालकांच्या या छोट्या नळीत सहसा पाव ते अर्धा मिलिलिटर रक्त लागते. नळीवरच्या रेषेच्या खाली राहिले तर ईडीटीएचे प्रमाण जास्त होऊन तांबड्या पेशी आक्रसतात. रेषेच्या वर गेले तर औषध पुरत नाही आणि बारीक गुठळ्या होतात. आपल्या नातवाच्या बाबतीत नेमके काय घडले हे मी सांगू शकत नाही, पण टाचेच्या नमुन्यात साकळण्याची कारणे बहुतेक वेळा हीच असतात.

याच कारणाने नळ्यांचा क्रमही बदलतो. शिरेतून रक्त घेताना जांभळी नळी नंतर भरतात, कारण तिच्यातील पोटॅशियमयुक्त ईडीटीए पुढच्या नळीत थोडेसे गेले तरी पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. बोट किंवा टाच टोचताना मात्र पेशीगणनेची जांभळी नळी आधी भरतात, कारण तेथे साकळण्याची भीती मोठी असते. काविळीची नळी शेवटी भरली तरी चालते, पण ती उजेडापासून झाकून न्यायला हवी. उजेडात बिलिरुबिन, म्हणजे काविळीत मोजले जाणारे पिवळे द्रव्य, घटते.

आपला दुसरा प्रश्न. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 80 ते 90 मिलिलिटर रक्त असते, म्हणजे तीन किलोच्या बाळात अडीचशे मिलिलिटरच्या आसपास. अर्धा मिलिलिटर त्याच्या दृष्टीने किरकोळ आहे आणि पुन्हा घेतल्याने धोका नाही. एक किलोच्या, काचपेटीतल्या बाळाचे गणित वेगळे असते. तेथे दररोजच्या नमुन्यांचा हिशेब डॉक्टर ठेवतात आणि ठेवलाच पाहिजे. आपण विचारायचे ते एवढेच, की सगळ्या तपासण्या एकाच टोचण्यात होतील का. टोचताना बाळाला अंगावर पाजता आले, तर त्याला वेदना कमी होतात, आणि हे नर्सला सांगायला संकोच करू नये.

प्रश्न : पावसाळ्यात मला ताप आला म्हणून तपासणी केली. एका लॅबने प्लेटलेट्स 38 हजार सांगितल्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबने 1 लाख 92 हजार. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली. कोणावर विश्वास ठेवायचा? (पुणे)

उत्तर : दोन्ही लॅब प्रामाणिक असूनही असे होऊ शकते. साधारण हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात असे प्रतिद्रव्य असते, जे ईडीटीएच्या संपर्कातच प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटवते. यंत्र अशा पुंजक्याला एक प्लेटलेट समजते, नाहीतर मोजतच नाही. शरीरात प्लेटलेट्स नेहमीप्रमाणे असतात, घट फक्त नळीत होते. आणि नमुना जितका वेळ पडून राहील, तितके पुंजके वाढतात. काचपट्टीवर रक्ताचा थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की पुंजके दिसतात. मग निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजतात आणि आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणतात, कारण त्या द्रवाने रक्त किंचित पातळ होते. नीट न मिसळलेल्या नळीतील बारीक गुठळ्यांनीही आकडा घसरतो.

एक इशारा मात्र देतो. डेंग्यूत प्लेटलेट्स खरोखरच घटतात आणि पहिल्या दिवसांत निगेटिव्ह आलेली चाचणी पुरेशी नसते, तेव्हा ताप असताना घटलेला आकडा आपणहून खोटा ठरवू नका. "पट्टी पाहिली का?" असे लॅबला विचारा, आपला तो हक्क आहे. पुंजके आढळले असतील, तर तशी नोंद फाइलमध्ये करून घ्या. पुढे एखाद्या शस्त्रक्रियेआधी ती कागदावर असेल, तर विनाकारण प्लेटलेट्स चढवण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासणीसाठी निळी नळी अर्धीच भरली म्हणून लॅबने नमुना परत केला. हा आडमुठेपणा नाही का? (नाशिक)

उत्तर : नाही, आणि असा नमुना परत करणारी लॅब मला जास्त भरवशाची वाटते. निळ्या नळीत 3.2 टक्के सायट्रेटचा द्रव असतो आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेले आहे. 1.8 मिलिलिटर रक्ताची नळी 0.9 वर थांबली, तर सायट्रेट दुप्पट पडते, रक्त साकळायला जास्त वेळ लागतो आणि आयएनआर खोटा वाढलेला येतो. तो खरा मानून वॉर्फरिन किंवा असिनोकुमॅरॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची मात्रा कमी केली, तर झडपेवर गुठळी होण्याचा धोका. दोन अर्ध्या नळ्या एकत्र ओतून एक भरणे हा उपाय नाही, त्याने प्रमाण सुधारत नाही.

प्रश्न : साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी वापरली, तर रक्त तालुक्याला पाठवायला उशीर झाला तरी चालतो ना? (एक आशा सेविका)

उत्तर : थोडा उशीर चालतो, फार नाही. साध्या नळीत पेशी दर तासाला साखर साधारण 5 ते 7 टक्के खातात. राखाडी नळीतील फ्लोराइड ते थांबवते, पण त्याचा पूर्ण परिणाम होण्यास तासभर तरी लागतो आणि तोवर साखर घटतच राहते. म्हणून नळी भरताच उलटसुलट करून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि नळीवर रक्त घेतल्याची वेळ लिहा.