सायकल-सवाल : जुन्या सायकलला कुठलं हँडल बसवू?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची काळी ॲटलास आहे, २४ इंची फ्रेम, २८ ची चाकं, दांडीचे ब्रेक, गियर वगैरे काही नाही. हँडल गंजलंय आणि एका बाजूला थोडं वाकलंय. रोज दुकानापर्यंत आणि गणपती पेठेत बाजाराला तिच्यावरच जातो. मुलगा म्हणतो बाबा सरळ हँडल टाका, मस्त दिसेल, शिवाय जोर लावायला बरं पडेल. टाकू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नका टाकू, निदान लगेच तरी नको. मुलाचं म्हणणं अगदीच चूक नाहीये पण तुमच्या सायकलचा अर्धा ब्रेक त्या हँडलवरच बसलाय हे आधी लक्षात घ्या. दांडीच्या ब्रेकची मूठ हँडलच्या नळीखालून लांब जाते, हँडलवरच्याच कड्यांत फिरते आणि तिथून दांड्या खाली उतरतात, एक पुढच्या चाकाला, दुसरी फ्रेमच्या कडेकडेनं मागच्या चाकाला. म्हणजे हँडल काढलं की ब्रेकही गेला.

बरं मग केबलचे ब्रेक लावू म्हणाल, तर तिथं खरी अडचण आहे. तुमच्या रिमच्या कडा गोलसर असतात. दांडीचा ब्रेक रबर वर खेचून रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांच्या दोन्ही अंगांना दाबतो. केबलवाला ब्रेक मात्र रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो, त्याला सपाट कड लागते आणि ती तुमच्या रिमला नाहीच. काही दुकानांत तसाच लावून देतात, रिकाम्या सायकलवर मूठ दाबून बघितली की बरोबर वाटतं, पण उतारावर, त्यात पावसात स्टीलची रिम ओली असताना, सायकल थांबत नाही हो. ज्या बदलामुळे ब्रेक कमजोर होतो तो बदल मी कुणालाच सुचवणार नाही.

सरळ हँडल हवंच असेल तर चाकांपासून सुरुवात करावी लागेल, सपाट कडेच्या रिम, नवे ब्रेक, केबली, मुठी, आणि २८ च्या जुन्या मापाऐवजी हल्लीच्या ७०० सी मापाच्या रिम घेतल्या तर रिमची कड साधारण साडेसहा मिलिमीटर आत जाते, तेवढी लांब पोच असलेला ब्रेक शोधावा लागतो. शिवाय जुन्या मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) बहुतेक ४० आरे असतात आणि हल्लीच्या रिम ३२ किंवा ३६ भोकांच्या, म्हणजे हबसुद्धा बदलायचा. एका हँडलपायी एवढं सगळं!

माझा सल्ला असा की तसंच मागे वळलेलं, दांडीच्या ब्रेकचंच हँडल नवीन घ्या. घेताना जुनं हँडल बरोबर न्या आणि त्याच्या खांबाची, म्हणजे फ्रेमच्या नळीत उतरणाऱ्या दांड्याची, जाडी व्हर्नियरनं मोजून घ्या, बहुतेक २२.२ मिलिमीटर निघते पण अंदाजानं घेऊ नका. सैल बसलं तर पत्र्याची पट्टी घालून बसवतो म्हणणारे भेटतील, त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

आता जोर लावायचा मुद्दा, तो खरा आहे. गियर नसला की चढाला उभं राहूनच मारावी लागते आणि तेव्हा हात हँडल आपल्याकडे खेचतात. सरळ, रुंद हँडलवर हे सोपं जातं, मागे वळलेल्यावर मनगट वेगळ्या कोनात येतं आणि हँडल फार आत आलेलं असेल तर वळताना टोक गुडघ्याला लागतं. पण तुमची सायकल सांगली-मिरजेच्या सपाटीवर चालते, कोल्हापूरला किंवा साताऱ्याला राहत असता तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो. ताठ बसून मारायच्या सायकलवर वळलेल्या हँडलमुळे तळवे एकमेकांसमोर येतात, हात बाजूला सोडल्यावर असतात साधारण तसेच, त्यामुळे मनगट दुखत नाही. आणि बाजाराच्या गर्दीत दोन हातगाड्यांमधून जाताना अरुंद हँडल किती कामाला येतं ते तुम्हाला मी काय सांगू.

उंचीचं बघा. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा बोटभर-दोन बोटं वर ठेवा. खांबावर खूण असते, ती नळीबाहेर दिसेल इतकं वर काढायचं नाही, खूण नसेल तर निदान अडीच इंच नळीच्या आत राहिलाच पाहिजे. आणि हँडल वर घेतलं की दांड्याही वर खेचल्या जातात, रबर रिमला घासायला लागतात आणि सायकल जड झाली म्हणून माणूस चेनला तेल घालत बसतो. दांड्यांचे जोड सैल करून परत जुळवायचे, मग चाक मोकळं फिरवून बघायचं.

प्रश्न : माझी जुनी सिंगल-स्पीड लेडीज सायकल आहे, केबलचे ब्रेक आहेत. कॉलेजला जाते. तिला रेसरसारखं खाली वळलेलं हँडल बसेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बसवता येईल पण तुला ते आवडेल असं वाटत नाही. त्या हँडलची नळी हाताच्या जागी २३.८ मिलिमीटर असते आणि तुझ्या मुठी, ब्रेक लिव्हर २२.२ साठीचे, म्हणजे लिव्हर वेगळे घ्यावे लागणार. मधल्या जाडीचंही तेच, हँडल २५.४, २६ किंवा ३१.८ अशा मापांत येतं आणि तुझ्या स्टेमला (हँडल मधोमध पकडणाऱ्या तुकड्याला) जे माप आहे तेच चालतं. त्यात ते हात बरेच पुढे नेतं, वाकून बसावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचं, शहरात आपण हात वरच्या सरळ भागावर ठेवतो आणि तिथून ब्रेक हाताला लागत नाही, लक्ष्मी रोडवर एखादा रिक्षावाला अचानक वळला तर हात ब्रेकवर नेण्यातच वेळ जातो. तुला सरळ हँडल छान होईल, टोकं किंचित मागे वळलेलं घे, रुंदी खांद्यापेक्षा थोडी जास्त. आहेत तेच लिव्हर चालतील, केबल पुरते का ते मात्र हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ. आणि टोकांना बुचं हवीतच, सायकलवरून पडल्यावर उघडी नळी पोटात घुसून मोठी इजा होऊ शकते.

प्रश्न : हँडल अडकलंय, निघतच नाही. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वरचा बोल्ट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे सैल करा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं ठोका, आतली पाचर खाली सुटते. तरी हललं नाही तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. पुढचं चाक पायात धरून हँडल जोरात पिळू नका, पुढचं चाक धरणारा चिमटा वाकतो. परत बसवताना खांबाला ग्रीस लावा.