गणपतीत जमवायचे कागद आणि निकालाआधी ठरवायचा पसंतीक्रम

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे. तिने गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले असून अभियांत्रिकीकडे जावे की कृषी किंवा मत्स्यविज्ञानाकडे, हे अद्याप ठरलेले नाही. आम्ही कुणबी, म्हणजे इतर मागासवर्गात मोडतो. पण तिचा जातीचा दाखला सोडला तर एकही कागद तयार नाही. आमची आंब्याची बाग असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत घरात कोणालाच उसंत नसते. मुंबईचे माझे मेहुणे म्हणतात, ‘निकाल लागू दे, मग फॉर्म आम्ही इकडून भरू.’ तोपर्यंत थांबावे काय?
— एक बागायतदार पालक, तालुका गुहागर

उत्तर : थांबू नये, हे प्रथम स्पष्टपणे सांगतो. आपल्या भागात बारावीच्या निकालाला फार मान आहे आणि तो रास्तही आहे, कारण रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून उत्तीर्णतेच्या टक्केवारीत राज्यात अव्वल राहिले आहे. मात्र या अभिमानातूनच ‘निकाल चांगला लागला की प्रवेश मिळतोच’ असा समज घरोघरी रुजला आहे. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांत खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण पुरतात; गुणवत्ता यादी लागते ती राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या, पर्सेंटाइलवर. निकाल हाती येतो तेव्हा सीईटी बहुधा होऊन गेलेली असते आणि तिचा अर्ज भरण्याची मुदत तर त्याच्याही कित्येक आठवडे आधी संपलेली असते.

आता कागदांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपली खरी अडचण तीच आहे. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर केवळ जातीचा दाखला पुरत नाही. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते आणि हाच कागद सर्वांत जास्त वेळ घेतो. त्यासाठीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, सोबत मुलीच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे पत्र जोडावे लागते आणि मूळ कागद जिल्ह्याच्या समितीपुढे ठेवावे लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीची नोंद असलेला पुरावा मागितला जातो. तो मुलीच्या किंवा आपल्या दाखल्यात मिळणार नाही. तो आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात किंवा तहसील कार्यालयात जतन केलेल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, शोधावा लागेल. आपल्याकडे आजोबांची पिढी कित्येकदा गावच्या शाळेत दोन-तीन इयत्ता शिकून मुंबईला गिरणीत गेलेली असते आणि घरातले जुने कागदही त्यांच्याबरोबर मुंबईच्या खोलीत गेलेले असतात. म्हणून माझी सूचना अशी की, गणपतीसाठी सगळी भावकी गावी जमेल तेव्हा आरतीनंतर हा विषय अवश्य काढावा. चुलत्यांकडे किंवा चुलत भावंडांकडे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल, तर पित्याकडील रक्ताच्या नात्यातील असे प्रमाणपत्र वंशावळीसह जोडल्यास आपले काम पुष्कळ सोपे होते. चाकरमान्यांना आधी फोन करून कागद गावी येताना बरोबर आणायला सांगावे. विसर्जनानंतर ते परतले की पुढची गाठ थेट शिमग्याला पडते आणि शिमग्याच्या सुमारास मुलीची बोर्डाची परीक्षा चालू असते.

याच काळात अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करावा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची, मुदत मात्र नीट वाचावी. ते मुलीच्या प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत चालणारे हवे; मुदत अपुरी असेल तर एप्रिल उजाडताच नवे काढावे लागेल. जेईई किंवा नीट या देशपातळीवरील प्रवेश परीक्षांमधून केंद्रीय कोट्यात जायचे असेल, तर इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात वेगळे काढावे लागते, राज्याचे तिथे चालत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधार कार्डावरील नाव एकच आहे का, हेही आजच पाहून घ्यावे. एका अक्षराच्या फरकापायी ऐन मुदतीत धावपळ झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

दाखल्यांसाठी एवढी खटपट करावी, याला आणखी एक सबळ कारण आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतला तरच लागू होते; व्यवस्थापन कोट्यातील जागेला नाही. ‘कॅपमध्ये नाही लागले तर पैसे भरून घेऊ’ असे सल्ले देणारे पुष्कळ भेटतील, तेव्हा हा फरक आपण लक्षात ठेवावा.

अर्जांचा क्रम साधारण असा असतो : जेईई मुख्य परीक्षेच्या जानेवारी सत्राचे अर्ज दिवाळीच्या आसपास, सीईटीचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीईटी एप्रिल-मे महिन्यांत आणि त्यानंतर पावसाळ्यात कॅपच्या फेऱ्या. नेमक्या तारखा दरवर्षी राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर जाहीर होतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर भरवसा ठेवू नये. सीईटीचे गणिताचे आणि जीवशास्त्राचे गट स्वतंत्र असतात. आपल्या मुलीने दोन्ही विषय घेतले असल्यामुळे तिने दोन्ही गटांचे अर्ज भरावेत, असे माझे मत आहे. शुल्क दोन वेळा पडेल, पण निर्णयाला चार-सहा महिने अधिक मिळतील. या परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो, तेव्हा अकरावीची पुस्तके कोणाला देऊन टाकू नयेत.

मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही अर्ज मुलीने स्वतः, आपल्या घरातील मोबाइल क्रमांक आणि तिचा स्वतःचा ई-मेल देऊन भरावा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याचा अर्ज नातेवाइकांनी स्वतःचा क्रमांक घालून भरला होता. जागा मिळाल्याचा संदेश त्यांच्या फोनवर आला तेव्हा ते प्रवासात होते, जागा स्वीकारण्याचे दोन-तीन दिवस निघून गेले आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. सायबर कॅफेत अर्ज भरतानाही हीच काळजी घ्यावी.

पसंतीक्रमाची यादी मात्र निकालाआधी, सीईटी संपली की लगेच, मुलीला जवळ बसवून तयार करावी. आंबा काढणी चालू असली तरी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा, ही आपणास कळकळीची विनंती आहे. ‘अवघड महाविद्यालय वर लिहिले तर खालचे हातचे जाईल’ ही भीती निराधार आहे. संगणक गुणवत्तेनुसार यादी वरून खाली तपासत येतो, त्यामुळे जे खरोखर हवे तेच वर लिहावे. परंतु पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, म्हणून जिथे तिला मनापासून जायचे नाही ते नाव केवळ कोणी सुचवले म्हणून पहिल्या क्रमांकावर लिहू नये.

मुंबई म्हणजेच शिक्षण, हे समीकरण मला मान्य नाही. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महामार्गावरच आहे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभे आहे, आणि आपल्या गुहागरहून तर धोपाव्याला फेरीबोटीत बसून दाभोळला उतरले की दापोली फार दूर राहत नाही. त्याच विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. कृषी आणि मत्स्यविज्ञानाच्या पदव्यांचे प्रवेशही सीईटीच्या गुणांवरच होतात. त्यांची कॅप प्रक्रिया अभियांत्रिकीहून वेगळी असल्यामुळे अर्ज स्वतंत्र भरावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलीला दापोली आणि शिरगाव दोन्ही दाखवून आणावे. वसतिगृह, प्रयोगशाळा, तिथे शिकणाऱ्या मुली हे सगळे तिने स्वतः पाहिले, की अभियांत्रिकी की मत्स्यविज्ञान या प्रश्नाचे उत्तर कदाचित तीच देईल.

प्रश्न : मी मालवणला बारावी वाणिज्य शाखेत आहे. मला मुंबईत बीएमएस करायचे आहे. सीईटी फक्त विज्ञानवाल्यांसाठी असते ना? मग मी निकालानंतर अर्ज केला तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : नाही, सीईटी आता फक्त विज्ञानापुरती राहिलेली नाही. बीबीए, बीसीए, बीएमएस आणि बीबीएम हे व्यवस्थापन व संगणक विषयांचे पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी हे ठाऊकच नसल्यामुळे अनेक मुले परीक्षेला मुकली आणि अखेर अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी पुढे तत्सम अभ्यासक्रम बी.कॉम. या पदवीखाली चालवायला घेतले असून त्यांना ही सीईटी लागत नाही. म्हणून तुझ्या मनातल्या तीन-चार महाविद्यालयांना आत्ताच विचार की त्यांची पदवी नेमक्या कोणत्या नावाची आहे आणि प्रवेश सीईटीवर होतो की बारावीच्या गुणांवर. सीईटी लागत असेल तर तिचा अर्ज मुदतीत भर. बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असेल, तर निकालानंतर मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नावनोंदणी करून मग महाविद्यालयाचा अर्ज भरावा लागतो, आणि तिथली पहिली यादी निकालानंतर लवकरच लागते. ते दोन-तीन आठवडे गुणपत्रिका, दहावीचे प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या स्कॅन केलेल्या प्रती तुझ्या स्वतःच्या फोनमध्ये तयार ठेव.