जवळच्या छोट्या तळ्यात गळाला लागलेले मासे खाल्ले तर चालतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला घेऊन जवळच्या तळ्यावर गळ टाकून बसता, लागलेला मासा आजवर पाण्यात परत सोडत आलात, आणि आता ती म्हणतेय की एक तरी घरी नेऊन खाऊया. पाणी स्वच्छ दिसतं, फक्त पावसानंतर गढूळ होतं आणि कधीकधी काठाला हिरवट तवंग येतो, म्हणून तुम्ही अडलाय.

मी बरीच वर्षं अशाच लहान तळ्यांवर मासे धरतो आणि खातोही. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो: बहुतेक तळ्यांतला लहान मासा, अधूनमधून, नीट शिजवून खायला हरकत नसते. पण ‘पाणी स्वच्छ दिसतं’ हे कारण मात्र तुमच्या विचारातून काढून टाका. माशातली घातक गोष्ट पाण्यात दिसत नाही, तिला वास नसतो, चवही नसते.

पारा घ्या. दगडी कोळसा जळतो, लहान खाणींमध्ये सोनं वेगळं करायला पारा वापरतात, आणि तो हवेत मिसळून फार लांबवर जाऊन पावसाबरोबर खाली येतो. तळ्याच्या तळाशी, जिथे ऑक्सिजन नसतो तिथले जीवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे सजीवांच्या शरीरात साठून राहणाऱ्या विषारी प्रकारात, रूपांतर करतात. तो शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या बारीक किड्यांत जातो, त्यांना खाणाऱ्या छोट्या माशांत आणि शेवटी त्या माशांना गिळणाऱ्या मोठ्या माशात. प्रत्येक पायरीला तो साठत जातो. पाण्यात जेमतेम मोजता येईल इतकाच असलेला हा पारा मोठ्या शिकारी माशाच्या मांसात दहा लाख पटींपर्यंत जाऊ शकतो. ज्यांच्या जवळपास एकही कारखाना नाही अशा नितळ, किंचित आम्लधर्मी पाण्याच्या तळ्यांत हे जास्तच घडतं. नव्याने बांध घालून भरलेल्या तलावातही तेच: बुडालेली झाडं-गवत कुजताना जीवाणूंचं फावतं आणि पुढची कित्येक वर्षं तिथल्या माशांत पारा चढलेला राहतो.

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक नावाच्या सरोवराची हकीकत मी प्रत्येक नव्या गळवाल्याला सांगतो. तिथे चिलटांसारख्या किड्यांचा त्रास होता, चावतही नसत ते, फक्त झुंडीने यायचे. ते मारायला १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये पाण्यात डीडीडी हे डीडीटीच्या कुळातलं कीटकनाशक सोडलं गेलं. प्रमाण अगदी किरकोळ, सुमारे ५ कोटी भाग पाण्यात १ भाग. पुढे तिथले ग्रीब पक्षी मरायला लागले. त्यांच्या चरबीत दशलक्षात १,६०० भागांइतकं डीडीडी सापडलं, म्हणजे पाण्यात घातलं होतं त्याच्या ८० हजार पट. ते पक्षी तळ्यातले मासे खात होते, एवढंच. शेवटच्या फवारणीनंतर थोड्याच काळात पाणी तपासलं तर त्यात काहीच मिळत नव्हतं. म्हणून कुणी तुम्हाला पाण्याचा चांगला अहवाल दाखवला तरी त्यावरून माशाविषयी काही ठरवू नका. माशाचं मांस तपासलंय का, हा खरा प्रश्न.

उलट बाजूनेही लोक फसतात. माशाला चिखलाचा वास आला की ‘पाणी घाण आहे’ म्हणून टाकून देतात. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. मातीतले आणि पाण्यातले काही सूक्ष्मजीव ते तयार करतात. आपल्या नाकाला त्याचा सुगावा फार लवकर लागतो, पण ते विषारी नाही. माशाला थोडा वेळ लिंबू किंवा व्हिनेगर लावून ठेवलं की वास बराच कमी होतो.

मग ठरवायचं कसं? पुढच्या वेळी गळ घरी ठेवा आणि जोराचा पाऊस ओसरल्यावर तळ्याला पूर्ण फेरी मारा. पाणी कुठून कुठून आत येतंय ते बघा. पाऊस थांबल्यावरही पाइपमधून धार चालू आहे का? रस्त्याचं, वाहनतळाचं पाणी उतरतंय का, त्यावर तेलाची रंगीत साय दिसते का? वरच्या अंगाला फवारणीचं शेत, गॅरेज, मुलामा देण्याचं काम, जुना कचरा डेपो? जवळ विमानतळ किंवा अग्निशमनाच्या सरावाची जागा असेल तर आणखी सावध, कारण आग विझवायच्या फेसातून पीएफएएस ही रसायनं येतात आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहतात.

नदीत आलेलं पुढे वाहून जातं. लहान तळ्यात पाणी थोडं, बाहेर पडायला वाट जवळपास नाहीच, त्यामुळे जे आलं ते गाळात बसतं. शिसं घातलेलं पेट्रोल जगात शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झालं, पण रस्त्यावरून वाहून आलेलं जुनं शिसं तळ्यांच्या गाळात अजून आहे. गाळ चाळून खाणाऱ्या माशांबद्दल मी म्हणूनच जरा जपून असतो.

तळ्याची देखभाल जो कोणी बघतो त्याला तीन गोष्टी विचारा: इथे मासे धरायला परवानगी आहे का, शेवाळ किंवा पाणवनस्पती मारायला काही औषध टाकता का आणि शेवटचं कधी टाकलं, आणि मत्स्यबीज कधी सोडलं. तिसरं लोक विचारत नाहीत, पण त्याचा फार उपयोग होतो. याच वर्षी वाढवून सोडलेल्या माशाने आयुष्य हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, काढलेलं असतं. या तळ्यातलं साठवायला त्याला वेळच मिळालेला नसतो.

आता मासा. याबाबत माझं मत पक्कं आहे: वीतभर, फार तर दीड वीत लांबीचा ठेवावा, मोठा सोडून द्यावा. लोक नेमकं उलटं करतात, कारण मोठ्याचा फोटो चांगला येतो. पण मोठा म्हणजे म्हातारा, आणि जितकी वर्षं जास्त तितका साठा जास्त. त्यातून तो शिकारी जातीचा असेल, म्हणजे मरळ, बास, पाइक यांसारखा, तर दुप्पट कारण. मोठी मादी अंडीही जास्त घालते, तेव्हा ती सोडल्याने तळ्याचंही भलं होतं. वनस्पती, शेवाळ किंवा प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाणारे रोहू, कटला, चिलापी हे पाऱ्याच्या बाबतीत बरे.

साफ करण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की कातडी काढली, चरबी काढली, उकळून पाणी फेकलं की सगळं निघून जातं. पारा आणि पीएफएएस मांसातच, प्रथिनांना चिकटून असतात. कितीही कापा, कितीही शिजवा, ते जात नाहीत; त्यांच्यावर उपाय एकच, लहान मासा आणि कमी वेळा. पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलात वापरलेली रसायनं) आणि जुनी डीडीटीसारखी कीटकनाशकं मात्र चरबीत बसतात, आणि तिथे सुरीचा उपयोग होतो. कातडी सोलली की माशाच्या कुशीत, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, तपकिरी रंगाचा एक पट्टा दिसतो. सुरी तिरकी धरून तो दोन्ही बाजूंनी उचलून काढायचा. पाठीच्या कडेची आणि पोटाकडची पांढुरकी चरबीही काढायची. मग जाळीवर भाजायचं म्हणजे उरलेलं तेल खाली गळून जातं. ते तेल पुन्हा वापरायचं नाही. यकृत आणि आतडी तर कधीच खाऊ नयेत, तळं कितीही चांगलं असो.

तो हिरवट तवंग. याकडे मी तुमचं जास्त लक्ष वेधतो, कारण तुमच्याबरोबर लहान मूल आहे. सगळं हिरवं पाणी वाईट नसतं. एक लांब काडी घ्या आणि तवंगातून फिरवून उचला. हिरवे लांब तंतू लोंबकळत वर आले तर ते साधं शेवाळ असण्याची शक्यता जास्त. तंतू न येता काडीला हिरवा-निळसर लेप लागला आणि पाणी रंग कालवल्यागत दिसलं तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे निळे-हिरवे जीवाणू, असू शकतात. यांच्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिनसारखी यकृत खराब करणारी विषं बनवतात. ही विषं उकळून नष्ट होत नाहीत. माशात ती मुख्यतः यकृतात आणि आतड्यांत जमतात, मांसात कमी. तरी असा तवंग असताना मी त्या तळ्यातलं काही खात नाही, मुलांना पाण्यात हात घालू देत नाही आणि कुत्र्याला काठावर नेत नाही. असं पाणी पिऊन कुत्री मरतात. तवंग पूर्ण विरून काही आठवडे जाऊ द्या.

कडक उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. यामुळे मेलेले मासे विषाने मेलेले नसतील कदाचित, पण तरंगणारा किंवा हाताने सहज उचलता येणारा सुस्त मासा घरी आणू नका. तो कशाने आणि कधी मेला हे तुम्हाला काठावरून कळणार नाही. आणायचा तो गळाला लागून जोरात ओढणारा, स्वच्छ डोळ्यांचा, लाल कल्ल्यांचा. पकडल्यावर बादलीत ऊन खात ठेवू नका. लगेच मारा, पोट साफ करा आणि बर्फात ठेवा.

साफ करताना कातडीवर मिरीच्या दाण्याहून बारीक काळे ठिपके किंवा मांसात पिवळसर दाणे दिसले तर घाबरू नका. त्या परजीवींच्या अळ्या असतात. दिसायला किळसवाण्या, पण पूर्ण शिजवल्यावर त्यांच्यापासून धोका नाही. खरी काळजी न दिसणाऱ्यांची. थंड प्रदेशातल्या तळ्यांमधल्या माशांतून येणारा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात १० मीटरपर्यंत वाढू शकतो, तर कार्पच्या कुळातल्या माशांतून यकृताचे कृमी येतात आणि त्यातल्या दोन जाती पित्तनलिकेच्या कर्करोगाशी जोडलेल्या आहेत. दोन्हींवर उपाय सोपा आहे: मांस आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसला पोचू द्या, म्हणजे ते पांढरं, अपारदर्शक होतं आणि काट्यापासून सुटतं. नाहीतर उणे २० अंशांना सात दिवस गोठवा. लिंबात, मिठात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवणं म्हणजे शिजवणं नव्हे. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाऊच नका.

किती खावा? तळ्याबद्दल कुठलीच अधिकृत सूचना उपलब्ध नसेल तर अमेरिकेतल्या ईपीए (पर्यावरण) आणि एफडीए (अन्न व औषधं) या सरकारी संस्थांचा सल्ला मला पटतो: मोठ्या माणसाने आठवड्यात साधारण १७० ग्रॅम, लहान मुलांनी वयाप्रमाणे ३० ते ८५ ग्रॅम, आणि त्या आठवड्यात दुसरा कुठलाच मासा नाही. तुमच्या मुलीसाठी मी याहून हात आखडता घेईन, महिन्यातून एकदा. मिथाइल पारा शरीरात निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात, म्हणून दोन खाण्यांमधलं अंतर खरंच कामाला येतं. घरात कुणी गरोदर असेल, बाळाला पाजत असेल किंवा लवकरच मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर न तपासलेल्या तळ्यातला मासा त्यांना देऊच नका. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा आजार उघडकीला आला तेव्हा हेच दिसलं: फारशी लक्षणं नसलेल्या आयांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुलं जन्मली. मासा खाणं एरवी गरोदरपणात चांगलंच, पण त्यासाठी पारा कमी असलेले, माहितीतले मासे निवडावेत.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी काठावर वारंवार बघतो. गळाच्या दोरीला लावायची शिशाची बारीक वजनं लोक दातांनी चावून बंद करतात, आणि मुलं ते बघून शिकतात. शिशाचं मुलांच्या शरीरात कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. कथलाची किंवा पोलादाची वजनं मिळतात, ती घ्या, पक्कड जवळ ठेवा, आणि खाण्याचा डबा उघडण्याआधी मुलीचे हात साबणाने धुवा.

तळ्यात पाणी कुठल्या बाजूने येतं आणि तिच्या गळाला बहुधा कोणता मासा लागतो, हे फेरी मारून झाल्यावर इथे लिहा. मग त्या तळ्यापुरतं नेमकं काय करावं ते सांगता येईल.