पानशेतच्या पलीकडच्या शेतघरासाठी जुने ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन घ्यावे का, आणि ते बसवावे व सांभाळावे कसे?

आपल्या शेतघरापर्यंत महावितरणची लाइन आलेली नाही. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप, फ्रिज, दिवे आणि दोन पंखे एवढाच भार आहे, आणि त्यासाठी पाण्याने थंड होणारे एका सिलिंडरचे जुने ५ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन ते दिवसभर चालू ठेवावे का, असे आपण विचारले आहे. इंजिन जरूर घ्यावे, पण ते दिवसभर चालू ठेवू नये, असे माझे उत्तर आहे. मुळशीकडच्या आमच्या जमिनीवर याच जातीचे इंजिन बरीच वर्षे चालत आहे आणि पुढचे बहुतेक सगळे त्या अनुभवावर आधारलेले आहे.

आधी हिशेब मांडू. ५ अश्वशक्ती म्हणजे शाफ्टवर सुमारे ३.७ किलोवॅट. अल्टरनेटरमधली, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यापासून वीज करणाऱ्या यंत्रातली, घट वजा जाता हाती जेमतेम ३ किलोवॅट वीज येते. आपला फ्रिज, दिवे आणि पंखे मिळून तीन-चारशे वॅटच्या वर जात नाहीत, म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ हे इंजिन आपल्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यावर फिरणार. डिझेल इंजिनाला याच्याइतके वाईट दुसरे काही नाही. भार कमी असला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या तोंडाशी आणि पिस्टनवरच्या रिंगांच्या खाचांत काजळी बसते, लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आरशासारखा गुळगुळीत होऊन ऑइल वर चढू लागते आणि सायलेन्सरच्या सांध्यातून काळा चिकट रस गळतो. शिवाय रिकामे फिरायलाही इंजिन तासाला पाव ते अर्धा लिटर डिझेल पितेच. चांगल्या भारावर एका युनिटला साधारण ०.३५ ते ०.४ लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरले तरी निव्वळ इंधनाचाच खर्च युनिटमागे ३२ ते ३६ रुपये होतो, आणि हलक्या भारावर तो याच्या कितीतरी पुढे जातो.

म्हणून इंजिनाला थोडा वेळ, पण पोटभर काम द्यावे. ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांचा लेड-ॲसिड बॅटरी संच, इन्व्हर्टर आणि छपरावर थोडे सौर पॅनल अशी जोड दिली, तर रात्रीचा फ्रिज आणि दिवे बॅटरीवर निघतात. इंजिन दिवसाआड किंवा गरजेप्रमाणे दोनेक तास चालवावे, आणि त्या वेळात पंप व २० अँपिअरचा चार्जर दोन्ही एकदम लावावेत. पंपाचे सुमारे १.१ आणि चार्जरचे सुमारे १.३ किलोवॅट धरले की इंजिन ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरते, जे त्याला मानवते. लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा टप्पा भरायला प्रवाह कमी आणि वेळ फार लागतो. तो इंजिनावर भरत बसू नये, उन्हावर सोडून द्यावा. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, तेव्हा आधी पंप आणि तो स्थिरावल्यावर चार्जर, हा क्रम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा.

इंजिन पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की ते तापवून ठेवू नका. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा. थंड इंजिन दोन-तीन हँडलांत सुरू झाले, ऑइल भरण्याच्या तोंडातून वाफेसारखा धूर भसाभस येत नसला आणि काढलेले ऑइल दुधाळ दिसत नसले, तर पुढे बोलणी करावीत. पुण्यात या बाबतीत आपण सुखी आहोत: खडकीला १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आहे, साताऱ्याला कूपरची इंजिने बनत आली, त्यामुळे त्या जातीचे नोझल, रिंगा आणि पॅकिंगचे संच मिळायला अडचण पडत नाही. मिनिटाला ६५० फेऱ्यांची, मूळ इंग्लंडच्या लिस्टरच्या नमुन्यावर राजकोटकडे घडवलेली इंजिनेही आपल्याला कोणी सुचवील. ती दणकट आणि संथ असतात, परंतु त्यांना अल्टरनेटर पट्ट्यानेच जोडावा लागतो, आणि ओतकामाची वाळू आत राहिलेली असू शकते, म्हणून नवे असले तरी उघडून धुतल्याशिवाय ते चालवू नये. आपल्या कामाला १५०० फेऱ्यांचे, चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला थेट जोडलेले इंजिन मला अधिक सोयीचे वाटते.

एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा मोठा असतो आणि तो गिळायला काँक्रीटचे वजनच लागते. इंजिन व अल्टरनेटर यांच्या एकत्रित वजनाच्या किमान तिप्पट वजनाचे फाउंडेशन घ्यावे, असा माझा प्रघात आहे. बोल्टभोवती पाइपाचे तुकडे ठेवून ओतकाम करावे, म्हणजे नंतर थोडी हलवाहलव करता येते. सरळ रेषा पाहून झाल्यावर ती पोकळी ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरावी. हे फाउंडेशन घराच्या जमिनीपासून आणि भिंतींपासून पूर्ण सुटे ठेवावे, नाहीतर रात्री भांडी वाजतील. शेड घरापासून दूर आणि दोन बाजूंनी मोकळी असावी. पानशेतकडचा आडवा पाऊस लक्षात घेता मोकळ्या बाजू पश्चिमेला नसाव्यात, पण पावसाच्या धास्तीने चारी बाजू बंद करून आत इंजिन चालवणे हा जिवाशी खेळ आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की वासाने कळत नाही. धुराड्याचा पाइप इंजिनाच्या तोंडापेक्षा बारीक नसावा, इंजिनाजवळ लवचीक तुकडा असावा आणि पाइपाचा उतार बाहेरच्या दिशेने असावा, म्हणजे पावसाचे पाणी सिलिंडरकडे येत नाही.

थंड करण्यासाठी २०० लिटरचे पिंप पुरते. पिंपाच्या तळाची नळी ब्लॉकच्या खालच्या तोंडाला आणि हेडवरची (सिलिंडरच्या वरच्या झाकणावरची) नळी पिंपाच्या वरच्या तोंडाला जोडली की गरम पाणी आपोआप वर जाते. पंप लागत नाही. मात्र वरची नळी सतत चढती हवी आणि पाण्याची पातळी तिच्या तोंडाच्या वर हवी, अन्यथा फिरणेच थांबते. एवढ्या इंजिनाचा पाण्यात जाणारा उष्मा तीन-साडेतीन किलोवॅट धरला तर पिंपभर पाणी तासाला जवळजवळ १५ अंशांनीच तापते, आणि दोन तासांच्या चालीत इंजिन थंडच राहण्याचा धोका असतो. म्हणून हेडच्या तोंडाशी थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत वाट बंद ठेवणारी झडप) बसवावा, त्यात हवा निघायला एक बारीक भोक ठेवावे, आणि बाहेर पडणारे पाणी ७० ते ८० अंशांवर राहील असे पाहावे. थंड लायनर लवकर झिजतो. विहिरीचे पाणी सरळ ब्लॉकमधून सोडून देण्याची आपल्याकडची जुनी रीत मला म्हणूनच पसंत नाही.

विजेच्या बाजूला वारंवारतेकडे लक्ष द्यावे. साध्या गव्हर्नरवर (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) भार वाढला की वेग थोडा उतरतो. त्यामुळे रिकाम्या इंजिनाला ५२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सुमारे १५६० फेऱ्यांवर लावले की पूर्ण भाराला ते ५० वर येते. पुण्यातल्या तपकीर गल्लीत वारंवारता दाखवणारे छोटे मीटर मिळतात, त्यातला एक बोर्डावर कायमचा बसवावा. अल्टरनेटरचे न्यूट्रल एकाच ठिकाणी अर्थला जोडलेले असावे, कारण त्याशिवाय वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी काम करत नाही. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगचा खड्डा पाणी घालून ओला ठेवावा. ही जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी.

सुरू करताना डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, दांडा उचलून फ्लायव्हीलला वेग द्यावा आणि मग दांडा सोडावा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा मोडतो. बंद करताना डिझेल तोडूनच बंद करावे. चालत्या इंजिनाचा डीकॉम्प्रेशन दांडा उचलून ते थांबवण्याची सवय अनेकांना असते, ती व्हॉल्व्हच्या मुळावर येते. इंजिन कधी स्वतःचेच ऑइल ओढून अनावर झाले, तर डिझेल तोडून ते थांबत नाही. हवेचे तोंड झाकेल अशी फळी शेडमध्ये हाताशी ठेवावी, तळहाताने ते झाकायला जाऊ नये.

देखभालीत सर्वांत महत्त्वाची आहे ती डिझेलची स्वच्छता. फ्युएल पंपातला प्लंजर (डिझेल ढकलणारा दट्ट्या) काही मायक्रॉनच्या सैलावर चालतो आणि नोझल साधारण २०० बारच्या दाबाला उघडते. पाण्याचा थेंब किंवा धूळ तिथे पोहोचली की दुरुस्तीचा खर्च इंजिनाच्या किमतीला लाजवतो. कॅनमधले डिझेल एक-दोन दिवस निवळू द्यावे, तळाचे बोटभर डिझेल टाकीत ओतू नये आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दव धरत नाही. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की लाइन हवा धरते. तेव्हा आधी फिल्टरचा आणि मग पंपाचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे.

ऑइल उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच वापरावे. जुने इंजिन हाती आल्यावर पहिले ऑइल ५० तासांत बदलावे आणि त्यानंतर दर २५० तासांनी, किंवा इंजिन फार कमी चालत असेल तर वर्षातून एकदा तरी. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. त्यात डिझेल किंवा पाणी उतरत असते. ऑइलबाथ एअर क्लीनर (हवेतली धूळ तेलात धरणारी गाळणी) फेब्रुवारी ते मे या धुळीच्या महिन्यांत दर आठवड्याला उघडून पाहावा. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट इंजिन थंड असताना, पुस्तिकेतल्या मापाने तपासावी. तपासणीचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे धुराकडे पाहणे: भार घातल्यावर काळा धूर टिकून राहिला तर नोझल, एअर क्लीनर किंवा जादा भार, निळा असला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर कमी कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा हेडच्या पॅकिंगचा संशय घ्यावा. एक तयार नोझल, डिझेल व ऑइलचे फिल्टर, हेडचे पॅकिंग आणि हाय-प्रेशर पाइप एवढे सामान पावसाळ्यापूर्वी शेतघरावर नेऊन ठेवावे, कारण जुलैत घाटरस्ता बंद असताना नाना पेठेत येऊन ते घेणे शक्य होणार नाही.