सहा दिवसांच्या बाळाला हिरवी उलटी झाली, पण पोट मऊ आहे. सकाळपर्यंत थांबावं का?

थांबू नका. आधी बाळाला घेऊन निघा, बाकीचं गाडीत वाचा.

पोट फुगलेलं नाही आणि घरचे ‘पित्त असेल’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच चाललं होतं. मुलगी चार दिवसांची, मी माहेरी. रात्री पाजून खांद्यावर घेतलं, तिनं ढेकर दिला आणि दुपट्यावर उलटी केली. बाळं दूध टाकतात ते पांढरं, फाटल्यासारखं असतं. हे पालक उकडल्यावर पातेल्यात उरतं तसं गडद हिरवं पाणी होतं. काकू बाळंतशेपेचं पाणी करायला उठल्यासुद्धा. बाबांना मात्र राहवेना, त्यांनी शेजाऱ्यांना उठवून गाडी काढायला लावली. ते दुपटं मी न धुता पिशवीत घालून नेलं. त्या रात्री मला सुचलेलं शहाणपण एवढंच. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बाळाच्या आधी दुपटं पाहिलं आणि सर्जनना फोन लावला.

पित्त जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला मिसळतं. ते तोंडावाटे आलं म्हणजे वाट त्याच्याही पुढे अडलेली असू शकते. गर्भात आतडी काही आठवडे नाळेत वाढतात, दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परततात आणि २७० अंशांत, म्हणजे पाऊण फेरा वळून जागेवर बसतात. माझ्या मुलीचा हा फेरा अर्धवट राहिला होता. मग आतड्यांचा जुडगा अरुंद देठावर लोंबतो आणि कधीही पीळ घेतो. रक्तवाहिनी त्याच देठातून जाते. पीळ बसला की काही तासांत आतडं काळं पडू शकतं. पोट फुगणं, शीतून रक्त जाणं हे बहुतेकदा उशिरा दिसतं, म्हणून मऊ पोटावर विसंबू नका. गरोदरपणातली सोनोग्राफी नॉर्मल होती यावरही नको, माझ्या सगळ्या नॉर्मलच होत्या.

प्रत्येक हिरवी उलटी म्हणजे पीळच असं नाही. आतडं जन्मतः बंद असणं, जंतुसंसर्ग अशी इतरही कारणं असतात. पण ते घरी बसून ठरत नाही. नळीतून औषध सोडून एक्स-रे काढतात, सोनोग्राफी करतात.

आमच्या मुलीचं ऑपरेशन पहाटे झालं. बोस्टनचे सर्जन विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात. पीळ उलटा सोडवतात, आडवे आलेले पट्टे कापतात, देठ रुंद करतात. गंमत म्हणजे आतडी ‘योग्य’ जागी बसवतच नाहीत. लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे ठेवतात आणि बहुधा अपेंडिक्सही काढतात; नाहीतर पुढे ते भलत्याच बाजूला दुखून डॉक्टरांना चकवेल. लेक आता नऊ वर्षांची आहे आणि पोटावरचा व्रण मैत्रिणींना कौतुकानं दाखवते.

वाटेत दूध, पाणी, घुटी काही देऊ नका. टोपी घाला, छातीशी उबेत धरा. बालशल्यचिकित्सक आहेत का, हे फोनवरच विचारा. लांब जायचं असेल तर जवळच्या डॉक्टरांकडून नाकातून नळी आणि सलाइन लावून घेऊन पुढे जा. पैशांची अडचण असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेण्याची गाडी मोफत आहे.

दुपटं धुऊ नका, सोबत न्या. पोचलात की इथे एक ओळ टाका.