टाके-टोके : थंडीतल्या लोकरी स्लिपर्स

अधिवेशनाची गर्दी शहरात उतरली की मागोमाग थंडी येते, हा नागपूरकरांचा जुना हिशेब. 29 डिसेंबर 2018 ला इथला पारा 3.5 अंशांवर आला होता. ती रात्र आठवते म्हणणारे अजून भेटतात. यंदा थंडी तेवढी पडो न पडो, पत्रांमध्ये विषय एकच आहे: घरात घालायच्या लोकरी स्लिपर्स.

काकू, मला दोऱ्याचं क्रोशाकाम येतं. टेबलाचे रुमाल, देवघराचं तोरण केलंय. यंदा सासूबाईंसाठी लोकरीच्या स्लिपर्स केल्या. आमच्याकडे आता सगळीकडे गुळगुळीत टाइल्स आहेत, सकाळी खाली पाय ठेववत नाही. अगदी पायाच्या मापाच्या केल्या, तरी आठ दिवसांत ढिल्या झाल्या. परवा त्या घालून सासूबाई स्वयंपाकघरात घसरता घसरता वाचल्या. आता हात लावायला तयार नाहीत. काय करू? — एक सून, मनीषनगर

सासूबाईंचं बरोबर आहे. तळ पकडीचा होत नाही तोवर त्यांना आग्रह करू नका. पायाला ऊब नसली तर माणूस कुरकुरतो, पण सत्तरीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं तर घर सहा महिने हलतं.

आधी मापाचं पाहू. पायाच्या मापाची स्लिपर पायाला मोठीच होणार. क्रोशाची वीण अंगावरच्या वजनाने ताणते आणि चालताना दर पावलाला ताणली जाते. म्हणून ती पायापेक्षा आखूड करायची. सासूबाईंना कागदावर उभं करा. बसवून माप घेऊ नका, उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ धरून पाऊल आखा. लांबी 23 सेंटिमीटर आली तर स्लिपर साडेएकवीसची. बोटांच्या मुळाशी, पाऊल जिथे सगळ्यात रुंद असतं, तिथला घेर टेपने घ्या आणि त्यातूनही दीड-दोन सेंटिमीटर कमी करा. दोन्ही पाय आखा बरं, उजवा-डावा सारखा क्वचितच असतो.

लोकर: चार पदरी अ‍ॅक्रेलिक, दोन धागे एकत्र धरून. एकेरी धाग्याची वीण पातळ होते, टाइल्सचा गारवा थेट आत येतो. जोडीला साधारण सव्वाशे ग्रॅम पुरते. सीताबर्डीत किंवा इतवारीत दोरे-लेसच्या दुकानात मिळेल. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून पाहा, नाहीतर एक पाय मरून आणि दुसरा वांगी. तिबेटी स्वेटरवाल्यांकडे लोकर विचारायला जाऊ नका, त्यांचा माल बहुतेक लुधियानाचा तयार असतो. दोऱ्याची बारीक स्टीलची सुई इथे चालणार नाही. 5 मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची घ्या.

आता वीण. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या धाग्याच्या वेटोळ्यात, 6 मुके खांब (क्रोशाचा साधा आखूड टाका). दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. मग दर फेरीला सहा-सहा वाढवत 18, 24, 30. फेरी जोडत बसू नका, गोल गोल जात राहा. पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवा म्हणजे फेरी कुठे सुरू झाली ते हरवत नाही. ही झाली बोटांवरची टोपी. टाके घट्ट येत असतील तर 30 वर साधारण 20-21 सेंटिमीटर घेर होतो. तुमचा हात सैल असेल तर 27 वर थांबा. दोऱ्याचं काम करणाऱ्यांचा हात सहसा घट्ट असतो आणि स्लिपरला तेच हवं.

पुढे न वाढवता सरळ फेऱ्या घालत पावलाच्या मध्यापर्यंत या. साडेएकवीसच्या स्लिपरला टोकापासून अकरा सेंटिमीटर. इथे सासूबाईंच्या पायात एकदा घालून पाहा. चढवताना थोडी ओढावी लागली पाहिजे. मग वरचे 10 टाके सोडून द्यायचे, ती झाली पाय घालायची जागा. उरलेल्या 20 टाक्यांवर जाऊन-येऊन ओळी घाला, दर ओळीच्या शेवटी एक साखळी घेऊन काम उलटायचं. लांबी पुरी झाली की मागची कड मधोमध दुमडून दहाला दहा टाके जोडा, टाच तयार. ही जोडणी बाहेरच्या बाजूने करा. आत केली तर गाठीची कड टाचेला टोचते, आणि मग सून किती निगुतीची यावर व्याख्यान ऐकावं लागतं. शेवटी तोंडाभोवती मुक्या खांबाची एक फेरी. जिथे गोल भाग संपून सपाट भाग सुरू होतो त्या दोन कोपऱ्यांत दोन-दोन टाके मिळून एक करा. तोंड आवळतं आणि टाच निसटत नाही. फुलं, मणी, गोंडे काही नकोत. वयस्कर माणसाच्या पायात लोंबणारी वस्तू कशाला?

आता खरं काम, तळ. तीन उपाय सांगते.

सोपा म्हणजे बाथरूमच्या सांध्यांत भरतात ते पारदर्शक सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात नळी मिळते. पुठ्ठ्याचं पाऊल कापून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्लिपरमध्ये घाला, म्हणजे तळ ताणलेला राहतो आणि सिलिकॉन आत झिरपत नाही. मग चवड्याला आणि टाचेला तुरीच्या दाण्याएवढे ठिपके द्या आणि बोटाने किंचित दाबा. 24 तास गच्चीत राहू द्या, वास उग्र असतो. ठिपके झिजले की पुन्हा द्यायचे.

दुसरा, गालिच्याखाली घालतात ती जाळीदार रबरी चटई पावलाच्या आकारात कापून खाली शिवणे. हे एका दुपारचं काम आहे आणि पकड उत्तम.

तिसरा उपाय मला सर्वांत पसंत. चप्पल दुरुस्तीवाल्याकडून पातळ रबरी तळ कापून घ्यायचा आणि कडेने आरीने भोकं पाडून घ्यायची. त्या भोकांतून लोकर ओढून तळ स्लिपरला शिवला की वर्षभर पाहायला नको. थोडी जड होते, पण वयस्कर माणसाला जड स्लिपर पायात आहे हे कळत राहतं, ते बरंच.

जीन्सचं किंवा रेक्झिनचं कापड तळाला लावायला कुणी सांगेल, ऐकू नका. जीन्स टाइलवर घसरते आणि ओल्यावर रेक्झिनही. आणि कोणताही तळ लावला तरी ओल्या मोरीत या स्लिपर्स जायच्या नाहीत. दाराशी रबरी चप्पल ठेवा आणि सासूबाईंना तिथे बदलायला लावा.

मी डावखुरा, रेल्वेतून निवृत्त. मोबाइलवर पाहून क्रोशा शिकतोय, पण सगळं उलटं होतं. बायको म्हणते, या वयात हे बायकी खूळ कशाला. — अजनी

वहिनींना पहिली जोडी द्या, खूळ उतरेल. त्यांचं!

डावखुऱ्याला नमुना बदलावा लागत नाही, फक्त दिशा बदलते. उजव्या हाताची फेरी घड्याळाच्या उलट जाते, तुमची घड्याळासारखी जाईल. टाक्यांची संख्या तीच. मोबाइल आरशासमोर उभा करा आणि आरशात बघून विणा, शिकवणाराचा हात डावा दिसेल. शेजारी बसून शिकवणारं कुणी असेल तर त्यांच्या बाजूला नको, समोर बसा.

धुतल्यावर स्लिपर्स पार लांबल्या. इस्त्री फिरवली तर लोळागोळा झाल्या. — महाल

आता त्या वाचणार नाहीत. अ‍ॅक्रेलिक प्लास्टिकच्या जातीचं, इस्त्रीच्या तापाने त्याचा ताठपणा कायमचा जातो. पुढच्या वेळी गार पाण्यात धुऊन, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, आडव्या वाळवा. दोरीवर टांगल्या की पाण्याच्या वजनाने लांबतात. खऱ्या लोकरीचा रोग उलटा: गरम पाणी आणि घासणं मिळालं की ती आवळून नमदा होते. आणि अ‍ॅक्रेलिकच्या स्लिपर्स घालून शेकोटीशी पाय पसरून बसू नका. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं.

आईला मधुमेह आहे, तळपायाला बधिरपणा आहे. तिला करून देऊ का? — सक्करदरा

तळपाय बधिर असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. घरातसुद्धा अनवाणी फिरू नका असं ते सांगतात, आणि पुष्कळांना जाड तळाची चप्पलच सुचवतात. लोकरी स्लिपर तिची जागा घेऊ शकत नाही. टाचणी असो की काचेचा तुकडा, वीण भेदून आत येतो आणि आईला कळणारही नाही. पलंगावर बसताना, झोपताना घालायला मात्र करा. आत एकही गाठ नको, धाग्याची टोकं बाहेरच्या बाजूला मुरवा. तोंडाला इलॅस्टिक नको. रंग पांढरा किंवा फिक्कट घ्या, कुठे जखम होऊन पाणी-रक्त लागलं तर लगेच दिसतं. घालण्याआधी आत हात फिरवायचा, काढल्यावर तळपाय पाहायचे. ते काम तुम्ही करा, आईवर टाकू नका.

ओळखीच्या बायका जोडीचे दीडशे रुपये देतो म्हणतात. घेऊ का? — गोकुळपेठ

नाही. सव्वाशे ग्रॅम लोकर, रबरी तळ आणि तुमच्या दोन-तीन संध्याकाळी, एवढं सगळं दीडशेत? आधी लोकरीचे आणि तळाचे पैसे मागा, मग मजुरीचं बोला. आणि माप म्हणून चपलेचा नंबर घेऊ नका; प्रत्येकीकडून उभं राहून आखलेला पायाचा कागद आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या. कागदावर नाव लिहून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात तीच बाई पुन्हा येईल, आणि तेव्हा तिला वाटेल तुम्हाला तिचा पाय पाठ आहे.